आमेनच्या आधी जेवणारा कुत्रा

१

रेबेका टीचर पुण्याहून आल्या, बॅग ओट्यावर ठेवली, पायलटच्या ताटलीत दूध-भाकरी कुस्करली, डोळे मिटले आणि प्रार्थना म्हणायला लागल्या. ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले, तर ताटली चाटून लख्ख झालेली.

टीचर तशाच उभ्या राहिल्या. कुत्रा शेपटी हलवत होता. तांबडा रंग, छातीवर पांढरा डाग, गळ्यात काळा रबरी पट्टा. त्यांना भेटायला कॉलनीतली पाच माणसं अंगणात जमली होती, त्यांत मीही होतो.

“हा माझा पायलट नाही,” टीचर म्हणाल्या.

माझं नाव कानिफनाथ. वय चौऱ्याहत्तर. श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी तेहतीस वर्षं बॉयलरवर होतो, आणि कारखान्याचा भोंगा माझ्या हातात होता. एकदा मी तो चुकून दहा मिनिटं आधी वाजवला, तर तिकडं नेवाशात तीन लग्नांच्या अक्षता आधी पडल्या. पटत नसेल तर सोडून द्या. माझ्या गोष्टी पटवून घ्यायला कुणी ऐकत नाही, करमणुकीला ऐकतात. ही एक मात्र मी आजवर कुणाच्या करमणुकीला सांगितली नाही. कागदावर उतरवतोय, कारण लिहिताना समोरच्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

पायलट हा टीचरच्या नवऱ्याचा, दानीएलचा कुत्रा. दानीएल कारखान्यात फिटर होता. त्याच्या सायकलीपुढं हे कुत्रं मंत्र्याच्या गाडीपुढं पोलिसांची पायलट गाडी पळावी तसं पळायचं, म्हणून ते नाव. चार वर्षांपूर्वी दानीएल गेला. तेव्हापासून घरात टीचर आणि पायलट, दोघंच. दुपारी चारचा भोंगा झाला की पायलटचं जेवण, आणि आमेन ऐकल्याशिवाय तो ताटलीला तोंड लावायचा नाही. अख्ख्या ख्रिस्ती कॉलनीत आमेनपर्यंत दम धरणारा तो एकटाच पक्का भाविक होता, असं दानीएल म्हणायचा.

टीचर पुण्याला मुलीकडं, जास्मिनकडं गेल्या होत्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. बारा दिवस.

“बारा दिवसांत विसरला असेल,” कुणीतरी म्हणालं.

“मोतीबिंदू निघाला की रंग बदलतात टीचर,” दुसरा म्हणाला. “जुनं सगळं नवं दिसायला लागतं. राहुरीच्या एका बाईंना तर नवराच परका वाटला होता.”

सगळे हसले. तो दुसरा म्हणजे मी.

टीचर हसल्या नाहीत. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी दात बघितले, वय दहा-अकरा सांगितलं. पायलटचंही तेवढंच. मोबाईलमधले फोटो ताडून बघितले, तेही जुळले. रात्री जेवायच्या आधी जास्मिनचा फोन आला. टीचरनी तो स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळं आम्हालाही ऐकू आला.

“आई, इथं दोनदा गॅस चालू राहिला होता तुझ्याकडून. आता घरचा कुत्रा ओळखू येत नाही म्हणतेस. मी शनिवारी येते. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. यापुढं तू तिथं एकटी राहायचं नाही. घराचं काय करायचं ते नंतर बघू.”

त्या दिवशी बुधवार होता.

२

कुत्रा सांभाळायला कुणाला ठेवायचं, हे टीचरनी चाचणी घेऊन ठरवलं होतं. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाई. नुसत्या तोंडदेखल्या ओळखीवर किल्ली द्यायच्या नाहीत. उमेदवार तिघं होते.

पहिला बिभीषण, दूधवाला. तो म्हणाला, “टीचर, गोठ्यावर सात कुत्री हायेत. आठवं कुठं खपलं कळायचं बी न्हाई.”

“तेच नको आहे मला,” टीचर म्हणाल्या. तो नापास.

दुसरा मी. “दोन दिवस जेवला नाही तर काय कराल?” असं मला विचारलं. मी त्यांना वांबोरीच्या एका कुत्र्याची गोष्ट सांगितली. त्यानं एकवीस दिवस उपास धरला, आणि बाविसाव्या दिवशी सरपंचाच्या आधी ग्रामसभेत जाऊन बसला. टीचरनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, “कानिफभाऊ, तुमच्याकडं कुत्रा ठेवला तर मी परत येईपर्यंत त्याचा वाघ झालेला असेल.”

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र चहा तसाच मोरीत ओतला.

तिसरी रुपाली. मागच्या गल्लीत भाड्यानं राहून ब्लाउज शिवायची, येऊन वर्षच झालेलं. तिनं मापं घ्यायची वही काढली आणि टीचर बोलतील ते उतरवून घेतलं. भाकरी किती, दूध किती, औषध कधी. आणि तिनंच उलट विचारलं, “टीचर, फिरवून आणल्यावर आधी गेटची कडी लावायची का आधी साखळी सोडायची?”

टीचरनी तिच्या हातात किल्ली ठेवली.

आता गुरुवारी सकाळी त्या माझ्या दारात आल्या. डोळ्याला काळा चष्मा, हातात छत्री.

“चला माझ्याबरोबर. तिघांशी बोलायचंय.”

“मी कशाला?”

“तुम्ही आयुष्यभर थापा मारल्यात. समोरचा मारायला लागला की तुम्हाला आधी कळेल.”

पायात चपला घातल्या आणि निघालो.

३

रुपाली मशीनवर बसली होती. टीचरना बघून पाय थांबवले, स्टूल पुढं सरकवलं.

“बस ग तू,” टीचर म्हणाल्या. “वही आहे ना तुझी? त्यातलं वाच.”

रुपालीनं वही उघडली. “रोज चारचा भोंगा झाला की जेवण. आमेन म्हणायचं, मग ताटली पुढं सरकवायची. तसंच केलं टीचर.”

“रोज?”

“रोज. गेल्या आठवड्यात बुधवारपर्यंत भोंग्यावर. गुरुवारपासून भोंगा बंद झाला ना कारखान्याचा, मग घड्याळ बघून घातलं.”

“आणि आमेनच्या आधी खायला लागला, ते कधीपासून?”

रुपालीनं वहीचं पान उलटलं. “ते… गुरुवारपासूनच. मला वाटलं, भोंगा नाही म्हणून बिघडलं त्याचं.”

टीचर माझ्याकडं वळल्या. “कानिफभाऊ, भोंग्याला काय लागतं?”

“वाफ,” मी म्हणालो.

“आणि बॉयलर कधी थंड केला यंदा?”

इथं मी गप्प बसू शकलो असतो. आठवत नाही म्हणू शकलो असतो, चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणाला खोटं वाटलं असतं? पण बॉयलरचं कुणी विचारलं की माझं तोंड माझ्या आधी उत्तर देतं.

“गेल्या आठवड्यात, सोमवारी. दुपारी बारा वाजता उसाची शेवटची मोळी गव्हाणीत गेली, तिन्हीसांजेला आग काढली. मंगळवारी भोंगा वाजलाच नाही.”

बोलून झालं आणि मशीनवरची कात्री खाली पडल्याचा आवाज आला.

“म्हणजे मंगळवार आणि बुधवार तू इथं नव्हतीस,” टीचर शांतपणे म्हणाल्या. “गुरुवारी आलीस, भोंगा ऐकू आला नाही, म्हणून तुला वाटलं आजच बंद झाला. इथं असतीस तर मंगळवारीच कळलं असतं. कारखान्याशेजारी राहणाऱ्याला भोंगा नाही झाला तर भूकसुद्धा लागत नाही.”

रुपालीचे डोळे भरले. “मावशी वारली होती अकोल्याला. दहाव्याला गेले होते. दोन दिवस. आल्यावर लाज वाटली सांगायची. तुम्ही एवढी पारख करून ठेवलं होतं मला.”

“मग किल्ली कुणाकडं होती?”

“ते नाही सांगणार टीचर.”

“रुपाली.”

“शब्द दिलाय. तुम्ही मला काय हवं ते म्हणा.”

असं म्हणून तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी चष्मा काढून सदऱ्याला पुसत होतो. तो बराच वेळ पुसत राहिलो.

दुपारपर्यंत कॉलनीभर बोभाटा झाला. टीचरचा कुत्रा शिलाईवालीनं घालवला आणि दुसरा आणून बांधला. तीन बायका येऊन आपली न शिवलेली कापडं परत घेऊन गेल्या. त्यांतल्या एकीच्या पिशवीला मी हात दिला, रस्त्यापर्यंत.

४

शुक्रवारी आम्ही बिभीषणच्या गोठ्यावर गेलो. टीचरनी तो कुत्राही साखळीला धरून सोबत घेतला होता. चालताना तो त्यांना ओढत माझ्या बाजूला यायला बघायचा. मी दोनदा रस्ता बदलला, तर तोही बदलला.

बिभीषण शेणाची पाटी ठेवून आला. “या टीचर. मला ठावं हुतं तुमी येनार. समदी म्हनत्यात बिभीषननंच पायलट पळीवला.”

“तुला हवा होता ना तो?”

“हवा हुता की. चार वर्सं मागतोय. त्याची दोन पिल्लं हायेत हितं, बघा, तांबडी, छातीव पांढरं. पर पळवायचं म्हनलं तर दुसरं कुत्रं का आनून बांधीन? पिल्लूच बांधलं असतं की. सोय नसती का?”

टीचरना ते पटलं. त्यांनी सातही कुत्री एकेक करून बघितली, मग गोठ्यात उभ्या राहून मोठ्यानं हाक मारली. “पायलट.” म्हशी तेवढ्या वळून बघायला लागल्या.

“किल्ली तुझ्याकडं होती का दोन दिवस?”

“माझ्याकडं? मला नापास केलं ना तुमी.” बिभीषण हसला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “ह्या कानिफनानांना बी केलं हुतं. नानांना लई लागलं ते. टपरीव चार दिस तेच चालू हुतं, टीचरला मानसाची पारख न्हाई म्हनून.”

“चेष्टा होती ती,” मी म्हणालो.

“व्हय, चेष्टाच.”

बोलता बोलता बिभीषण खाली बसला आणि त्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा बोटांत धरून फिरवायला लागला. हा पट्टा दानीएलनं कारखान्याच्या जुन्या कन्व्हेअरच्या रबरातून कापून केला होता.

“टीचर, हे एक भोक नवं हाय.”

“कुठलं?”

“ही चार बघा, कडा वितळल्यात. तापल्या खिळ्यानं पाडल्यालं. आमी बी तसंच पाडतो. आन हे पाचवं बघा. कसं गोल, साफ, पैशासारखं. बक्कल ह्यातच घातलंय. पयल्या कुत्र्याची मान बारीक असंल, ह्याची जाड.”

टीचरनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. ऑपरेशन झालेला डोळा पट्ट्याजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग चष्मा खाली घेतला आणि म्हणाल्या, “चला घरी.”



५

शनिवारी नऊ वाजता टीचर आल्या. जास्मिन अकरापर्यंत पोचणार होती.

“कानिफभाऊ, गॅस्केट कापायचा, गोल भोकं पाडायचा पंच आहे ना तुमच्याकडं? दानीएल न्यायचा मागून.”

मी आत गेलो. पेटीतून पंच काढला. नाही म्हणायचं मनात आलं होतं, पण पाय पेटीकडंच गेले. टीचरनी पट्टा सोडवून आणला होता. पंचाचं तोंड त्या पाचव्या भोकात बसवलं. झाकण बसावं तसं बसलं.

त्या माझ्या ओट्यावर बसल्या आणि वर्गात फळ्यापुढं सांगावं तसं सांगायला लागल्या.

“रुपालीनं हे भोक पाडलं असतं तर कात्रीच्या टोकानं. बिभीषणनं खिळ्यानं. पट्टा तोच आहे, म्हणजे कुत्रा जाताना गळ्यात पट्टा नव्हता. कुणीतरी आधीच काढून हातात ठेवला होता. बुधवारी मी आले, अंगणात पाच माणसं होती. कुत्रा उठला आणि तुमच्या पायाशी जाऊन बसला. काल मला ओढत तुमच्याकडं येत होता. रुपालीनं शब्द दिला तो कुणाला दिला असेल? कुत्र्यासाठी ज्याला नापास केलं, त्याच्याशिवाय असा शब्द कोण मागणार? बिभीषणला काय, त्यानं गावभर सांगितलं असतं.”

मी पंच पुसून परत पेटीत टाकला.

“मी मेंदूच्या डॉक्टरांकडं जाणार आहे, हे तुम्ही बुधवारपासून ऐकताय,” त्या म्हणाल्या. “घर विकायचं चाललंय, तेही ऐकलंत. आता तुम्ही बोला.”

मग मी बोललो. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी रुपाली किल्ली घेऊन आली. दोन दिवस सांभाळा काका, म्हणाली. मी म्हणालो, सांभाळतो, पण टीचरना कळू द्यायचं नाही. त्यांनी मला नापास केलंय. तिनं शब्द दिला. चार वाजले. भोंगा झाला नाही. मी आमेन म्हणालो तरी पायलटनं ताटली हुंगली नाही, नुसता कारखान्याच्या दिशेला कान करून बसला. म्हटलं, फिरवून आणू. टपरीवर गेलो. तिथं मंडळी बसली होती. टीचरचा कुत्रा माझ्या नुसत्या शब्दावर चालतो, साखळी नको आणि पट्टाही नको, हे त्यांना दाखवायचं होतं. मी पट्टा काढून खिशात घातला. पायलट कारखान्याच्या गेटकडं गेला आणि उसाच्या रिकाम्या ट्रॉलीखाली आला.

टपरीवरच्या सगळ्यांना मी हात जोडले. ते माझेच दोस्त, गप्प बसले. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पहिल्या एसटीनं सुप्याला गेलो. तिथं माझा भाचा एका कंपनीत कामाला आहे. त्या कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या गाडीपाशी एक म्हातारा तांबडा कुत्रा असायचा, तो मी बघितलेला. टेम्पोत घालून आणला. पट्टा बसेना, म्हणून भोक पाडलं. गुरुवारी रुपालीला म्हणालो, तू नव्हतीस म्हणून रुसलाय, बदललाय.

“आणि मला म्हणालात, राहुरीच्या बाईंना नवरा परका वाटला.”

“हो.”

“मी दोन रात्री आरशासमोर बसून माझ्या विद्यार्थ्यांची नावं पाठ म्हणत होते,” टीचर म्हणाल्या. “एकोणीसशे नव्वदची तुकडी. बघत होते, किती गळतात.”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

६

जास्मिननं आईची बॅग उचलून गाडीत ठेवली. मी पुढं गेलो आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून.

ती ऐकत राहिली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काका, आईला वाचवायला रचलीत ना ही गोष्ट? मला लहानपणापासून ठाऊक आहात तुम्ही. माझ्या बारशाला गोदावरी उलटी वाहिली होती, असं सांगायचात मला.”

“ही खरी आहे.”

“तीही खरीच होती म्हणायचात.” ती हसत नव्हती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. “आई, चल. बस गाडीत.”

मी टीचरकडं बघितलं. मागं फिरलो, घरातून फावडं आणलं, आणि माझ्या अंगणात पेरूच्या झाडाखाली खणायला लागलो. कॉलनी जमा झाली. बिभीषण कॅन घेऊन चालला होता, तो थांबला. रुपाली फाटकाबाहेर उभी होती, आत येत नव्हती.

“किल्ली माझ्याकडं होती,” मी तिच्याकडं न बघता सगळ्यांना सांगितलं. “हिनं शब्द पाळला. कापडं परत नेणाऱ्यांनी ती पुन्हा आणून द्यावीत.”

दोन-अडीच फुटांवर शाल लागली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं पांघरली होती ती, तिच्यातच त्याला गुंडाळलं होतं. मी टोक उचललं. वास आला. जास्मिननं तोंडाला ओढणी लावली, पण वाकून बघितलं. तांबडे केस दिसले, छातीवरचा पांढरा डाग दिसला. मग तिनं वळून टीचरच्या दारात बसलेल्या जिवंत कुत्र्याकडं बघितलं. पुन्हा खड्ड्यात. पुन्हा दाराकडं.

ती गाडीपाशी गेली. आईची बॅग काढून आणून ओट्यावर ठेवली. “आई,” म्हणाली आणि बॅगेशेजारीच बसली. टीचरनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, “गॅस मात्र माझ्याकडून राहिला होता हो, ते खरं आहे,” म्हणाल्या आणि तिला आत बसवून आल्या.

माणसं पांगली. मी खड्ड्याच्या कडेला फावडं धरून उभा होतो. टीचर जवळ आल्या. खाली बघत होत्या.

“फार हाल झाले का त्याचे? किती वेळ होता?”

आता इथं मला येत होतं काय सांगायचं. एका क्षणात गेला टीचर, त्याला कळलंसुद्धा नाही, जाताना त्यानं मान माझ्या मांडीवर ठेवली. असली वाक्यं माझ्या जिभेवर तयारच असतात, आणि ऐकणाऱ्याला ती गोडही लागतात.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. “मी बघितलं नाही. माझी पाठ होती रस्त्याकडं. लोक ओरडले तेव्हा वळलो, तोवर सगळं झालेलं होतं.”

“पाठ का होती?”

“टपरीवर गोष्ट सांगत होतो.”

टीचरनी आता माझ्याकडं बघितलं.

“कुठली?”

“त्याचीच,” मी म्हणालो. “माझ्या एका शब्दावर तो कसा जागच्या जागी थांबतो, त्याची.”

टीचरनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. पदर खोचला, आणि थोडी थोडी करून माती आत ढकलायला लागल्या. मी हात पुढं केला, तर म्हणाल्या, “तुम्ही राहू द्या.”